खंदकांतून दिसणारें युद्ध

इतिहासाच्या पुस्तकांत आपण युद्ध नकाशावर पाहतों. खंदकांतील शिपायाजवळ नकाशा नसतो. त्याला काय दिसतें, हें दाखविणारा 'बॅटलग्राउंड' नांवाचा बोलपट अमेरिकेंत १९४९ सालीं निघाला.

प्रसंग १९४४ च्या डिसेंबरांतील. जर्मन सैन्यानें बेल्जममधील आर्देनच्या अरण्यांतून अकस्मात् चढाई करून बास्तोन या गांवास वेढा घातला. गांव लहान, परंतु सात मोठे रस्ते तेथें मिळत. म्हणून त्याचें एवढें महत्त्व. आंत अमेरिकेची १०१ वी हवाई डिव्हिजन व इतर कांहीं पथकें अडकलीं. धुक्यामुळें विमानें येऊं शकत नव्हतीं. दारूगोळा व औषधें संपत आलीं. २२ डिसेंबरला जर्मनांनीं शरणागतीची मागणी केली, ती जनरल मॅकऑलिफ यांनीं एका तिरसट शब्दांत धुडकाविली.

इतिहासाला तो शब्द आठवतो. बोलपट मात्र एका लहानशा तुकडीपाशींच थांबतो. गोठलेली जमीन खणून खड्डा करावा, तोंच दुसरीकडे निघण्याचा हुकूम येतो. हॉली नांवाचा शिपाई मिळविलेलीं अंडीं पोलादी शिरस्त्राणांत फेटून शिजवूं पाहतो आणि दरवेळीं कांहींतरी आड येतें. आपणांस हंसूं येतें. लॉस एंजेलिसचा रॉड्रिग्ज जन्मांत प्रथमच बर्फ पाहतो आणि मुलासारखा खेळतो. पुढें जखमी होऊन तो त्याच बर्फांत, एका जीपखालीं, गारठून मरतो.

मग एक पाद्री या शिपायांसमोर त्यांच्याच मनांतील प्रश्न मांडतो: एवढ्या दूर येण्याची गरज होती काय? आपल्या वंशाला श्रेष्ठ मानणारी सत्ता बलाढ्य होऊं देतां येत नाहीं, म्हणून गरज होती, असें तो सांगतो. हें व्याख्यान मला थोडें लांबलेलें वाटतें. प्रश्न मात्र खरा आहे.

कथालेखक रॉबर्ट पिरॉश स्वतः आर्देनच्या लढाईंत सार्जंट होते. दिग्दर्शक विल्यम वेलमन पहिल्या महायुद्धांत वैमानिक होते. अरण्य बव्हंशीं स्टुडिओंतच उभारलेलें, तरी थंडी खोटी वाटत नाहीं. पिरॉश यांच्या कथा-पटकथेस ऑस्कर पारितोषिक मिळालें.

सर्वांत सुंदर क्षण मात्र निःशब्द आहे. सार्जंट किनीचे पाय हिमानें बधिर झालेले, त्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या. एकाएकीं त्याला बर्फावर स्वतःची सावली दिसते. सावली आहे, म्हणजे ऊन पडलें. ऊन पडलें, म्हणजे विमानें येणार. २३ डिसेंबरला खरोखरच आभाळ निवळलें आणि छत्र्यांना बांधलेल्या पेट्या बास्तोनवर उतरूं लागल्या.