शनिवार-रविवार फुल्ल, तरी २८ टक्केच! इंजिनिअरिंगमधून पर्यटनात जाण्याआधीचा हिशोब

आजचा भाग थोडा आकडेमोडीचा आहे. बसमध्ये ऐकत असाल तर ऐका, घरी असाल तर फोनचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

सातारा-सांगलीकडच्या पोरापोरींचा एक प्रश्न नेहमी कानावर येतो. "बी.टेक. झालंय, पण मन होमस्टे, ट्रेक, टुरिझम यातच रमतं. तिकडे गेलो तर डिग्री वाया जाईल का?" आणि घरच्यांचा प्रश्नही ठरलेला: "एवढं शिकून हॉटेलात उभं राहणार?"

माझं मत आधीच सांगतो. डिग्री वाया जात नाही. पैसे मात्र वाया जाऊ शकतात, आणि ते नेमके कुठे जातात हे राजीनाम्याआधी कळलेलं बरं.

या धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे रिकामी खोली. स्ट्रॉबेरी विकली गेली नाही तर निदान तिचा जॅम करता येतो. मंगळवारची रिकामी खोली बुधवारी विकता येत नाही, ती कायमची गेली.

आता हिशोब करू. समजा, वाई किंवा कासच्या बाजूला तुमच्या चार खोल्या आहेत. वर्षाच्या ३६५ रात्री गुणिले चार, म्हणजे विकायला १४६० रात्री. तुम्ही म्हणाल, "पुण्या-मुंबईची गर्दी आहे की, वीकेंड फुल्लच असतो." ठीक आहे, धरू की वर्षातले सगळे शनिवार-रविवार फुल्ल गेले. ५२ आठवडे, दोन रात्री, चार खोल्या. झाल्या ४१६ रात्री. म्हणजे फक्त २८ टक्के! बाहेर 'फुल्ल'ची पाटी लागलेली आणि वर्षाचा जवळजवळ तीन चतुर्थांश माल पडून.

भाडं दोन हजार धरलं तर ८ लाख ३२ हजार येतात. बुकिंग ॲपचं कमिशन १५ टक्के धरा, उरले ७ लाख ७ हजार. स्वयंपाकाला एक आणि साफसफाईला एक माणूस, प्रत्येकी महिना १२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार गेले. लाइट, गॅस, चादरींची धुलाई, दुरुस्ती यांना महिना २० हजार, म्हणजे आणखी २ लाख ४० हजार. शिल्लक साधारण १ लाख ७९ हजार. महिन्याला पंधरा हजारही नाहीत, आणि यात कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. तुम्ही तुमचे टाकून बघा, पण गणित हेच राहतं.

म्हणजे खरा प्रश्न "वीकेंडला कोण येईल" हा नाहीच. "मंगळवारी कोण येईल" हा आहे.

इथे साताऱ्याचं आणि सांगलीचं गणित वेगळं होतं. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आलं, पण फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, एवढाच. त्यातही रोज किती लोक सोडायचे यावर मर्यादा आहे. तुम्ही कितीही रील टाका, बहर वाढत नाही. महाबळेश्वर-पाचगणीत गर्दी जास्त, पण तो भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथे मनाला येईल तसं बांधकाम चालत नाही. जागा घेण्याआधी कागद बघा, व्ह्यू नंतर.

आणि सांगली? "सांगलीत फिरायला कोण येतंय?" असं आपणच म्हणतो. पण मिरज बघा. १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही पेशंट येतात, सोबत नातेवाईक येतात. त्यांना स्वच्छ खोली, गरम पाणी आणि साधं जेवण लागतं, आणि आजारपण वार बघून येत नाही. इन्स्टाग्रामवर हे दिसणार नाही, पण मंगळवारची खोली इथे भरते. शिवाय सतार-तंबोऱ्यासाठी येणारे लोक, औदुंबरला दत्तदर्शनाला येणारे भाविक आहेतच.

साताऱ्यात मंगळवार भरायचा तर वेगळा विचार लागतो. वनस्पतीशास्त्राच्या कॉलेज सहली, ऑफिसच्या टीम, चार दिवस लॅपटॉप घेऊन राहणारे लोक. या शेवटच्या गटाला दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आणि भरवशाचा इन्व्हर्टर लागतो. तुमची डिग्री इथे कामाला येते.

डिग्री वापरायचे रस्ते तीन. पहिला नोकरीचा. प्रत्येक मोठ्या हॉटेलात 'इंजिनिअरिंग' नावाचं खातंच असतं. एसी, बॉयलर, लिफ्ट, सांडपाण्याचा प्लांट सगळं त्यांच्याकडे. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांना हे दार थेट उघडं आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना बुकिंग सिस्टिम आणि खोल्यांचे दर ठरवण्याचं काम आहे. दुसरा रस्ता शिक्षणाचा. ग्वाल्हेरच्या केंद्र सरकारी पर्यटन संस्थेत, म्हणजे आयआयटीटीएममध्ये, पर्यटनातलं एमबीए आहे आणि त्याला कुठल्याही शाखेचे पदवीधर चालतात. तिसरा स्वतःचा धंदा. घरची शेती असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा, किमान एक एकर लागतं. जेवण देणार तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी, आणि परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मवर कळवावी लागते.

आपलं ज्ञान सोबत घेऊन धंदा बदलल्याचं उदाहरण जवळच आहे. फार्मासिस्ट असलेल्या किशोर व्होरांनी १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रो सुरू केलं. औषधं आणि जॅम, दोन्हीकडे माप आणि स्वच्छता सांभाळावी लागते. आज मॅप्रो गार्डनला थांबल्याशिवाय कित्येकांची महाबळेश्वरची ट्रिप पुरी होत नाही.

आता जे डिग्रीतून मिळत नाही ते. रात्री अकराला पाहुणा म्हणतो, "गिझर चालत नाही." आपण इंजिनिअर, आपण एलिमेंट का जळलं ते सांगायला लागतो. त्याला कारण नको असतं, बादलीभर गरम पाणी हवं असतं. आधी पाणी द्या, एलिमेंट सकाळी. आणि आयटीला कंटाळून निघाला असाल तर ध्यानात ठेवा, इथे ऑन-कॉल कधी संपत नाही. दिवाळीला सगळे सुट्टीवर, तुम्ही ड्युटीवर.

म्हणून नोकरी सोडण्याआधी तीन गोष्टी करा. एक, कुणाच्या तरी होमस्टेवर अख्खा सीझन वीकेंडला काम करा. चादरी बदला, चेक-आउटची भांडणं ऐका. दोन, एकदा पावसाळ्यातल्या बुधवारी तिथे जाऊन किती खोल्यांचा दिवा लागलाय ते मोजा. तीन, बारा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला टाका, कारण पहिलं वर्ष ओळख करण्यातच जातं.

आणि घरच्यांना "माझं पॅशन आहे" असं सांगू नका. हा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा. मंगळवारचं उत्तर तुमच्याकडे असेल तर "हॉटेलात उभं राहणार?" या प्रश्नाचा सूर बदलतो. आणि ते उत्तर नसेल, तर ते आपल्यालाही वेळेत कळतं.

तुमच्या गावात मंगळवारी कोण येतं? विचार करा, आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!