कॅसेट (सायकल)
कॅसेट म्हणजे सायकलच्या मागील चाकाच्या हबवर बसणारा दंतचक्रांचा संच. माउंटन बाइकसाठी हलकी कॅसेट निवडताना वजनाआधी सर्वांत मोठ्या चक्राचे दाते पाहावेत. घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकरच्या चढावर ५१ ऐवजी ४२ दात्यांचे चक्र असल्यास पायांना सुमारे एकपंचमांश जोर अधिक लावावा लागतो. वाचलेले ग्रॅम तेथे कामी येत नाहीत. शिमानोच्या १२-स्पीड, १० ते ५१ दात्यांच्या ‘डिओरे’ कॅसेटचे वजन सुमारे ५९३ ग्रॅम, ‘एक्सटी’चे ४७०, तर महागड्या ‘एक्सटीआर’चे ३६७ ग्रॅम आहे. हलक्या संचांतील मोठी चक्रे अ‍ॅल्युमिनियमची असल्याने पोलादी चक्रांपेक्षा लवकर झिजतात. जुन्नर-नाणेघाट परिसरातील पावसाळी चिखलात तर अधिकच. या तिन्हींना ‘मायक्रो स्प्लाइन’ फ्रीहब लागतो. साखळी ताणली गेली असल्यास तीही सोबत बदलतात, अन्यथा नवे दाते अकाली झिजतात.