पुरुषांना टक्कल का पडते?

पुरुषांमध्ये वाढत्या वयाबरोबर पडणाऱ्या टकलाला वैद्यकशास्त्रात 'अँड्रोजेनेटिक अ‍ॅलोपेशिया' म्हणतात. केस जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण. युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांचे केस पन्नाशीपर्यंत कमीअधिक प्रमाणात विरळ झालेले असतात. चीन, जपान, कोरियात हे प्रमाण कमी आहे आणि सुरुवातही उशिरा होते. काहींच्या बाबतीत मात्र विशी उलटायच्या आतच कपाळ मोठे दिसू लागते.

टक्कल ठरावीक क्रमाने पडते. आधी कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकतात, मग डोक्याच्या माथ्यावर विरळ चकती दिसू लागते. पुढे दोन्ही जागा एकमेकींना मिळतात आणि कानांच्या वरून मागे जाणारी केसांची पट्टी तेवढी उरते. हॅमिल्टन-नॉरवूड मापनपद्धतीत या प्रवासाच्या सात पायऱ्या मानल्या जातात.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. त्यामुळे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविकच आहे. टक्कल पडताना बिघडते ते या चक्राचे गणित. वाढीचा काळ आखडत जातो आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक व आखूड येतो. शेवटी जाड काळ्या केसाच्या जागी नुसती लव राहते.

याच्या मुळाशी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, हे संप्रेरक असते. टेस्टोस्टेरॉनपासून ते एका विकराच्या साहाय्याने तयार होते. अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी वृषण निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले, तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिकता ही दोन्ही कारणे जुळून यावी लागतात. टक्कल पडलेल्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असतेच असे नाही. त्यांच्या केसांची मुळे डीएचटीला अधिक संवेदनशील असतात. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळे त्याला दाद देत नाहीत. केशरोपणात तिथलेच केस काढून पुढे लावतात, ते याचसाठी.

'टक्कल आईच्या बापाकडून येते' हा समज अर्धाच खरा आहे. संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला हे गुणसूत्र आईकडूनच मिळते. पण 2017 मध्ये ब्रिटनमधील सुमारे 52 हजार पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंधित 287 जनुकीय जागा आढळल्या. त्यांतल्या बहुतेक इतर गुणसूत्रांवर आहेत, त्यामुळे वडिलांचा वाटाही मोठा ठरतो.

हेल्मेट, बोअरचे पाणी किंवा तेल न लावणे यांमुळे या प्रकारचे टक्कल पडत नाही. केसाच्या मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो. डोके झाकल्याने तो तुटत नाही. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात, पण ते बहुधा परत येतात. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही दिवसांतच अनेकांचे केस गेले. त्यांत स्त्रियाही होत्या. तो प्रकारही या टकलाहून वेगळा.

उपचारांत मिनॉक्सिडिल हे लावण्याचे औषध आणि डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची गोळी ही मुख्य औषधे होत. दोन्हींचा परिणाम ती सुरू असेपर्यंतच टिकतो आणि फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी जाणवतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. टक्कल पडल्याने प्रकृतीला अपाय होत नाही, त्यामुळे उपचार करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र केस अचानक किंवा चकत्यांनी जाऊ लागले, तर जाहिरातीतल्या तेलावर पैसे घालवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.