पदरामागचा नट

अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक 1913 साली रंगभूमीवर आले. त्यातील मृणालिनीचे काम केशवराव भोसले यांनी केले. त्या काळी पुरुषाने लुगडे नेसून रंगभूमीवर येणे हा थट्टेचा विषय नव्हता. कुलीन घरच्या स्त्रीला नाटकात वाव नव्हता आणि तिची उणीव भरून काढण्यासाठी 'स्त्रीपार्टी' नावाचा एक धंदाच उभा राहिला होता.

मी धंदा हा शब्द मुद्दाम वापरतो. आयुष्य कामगारांत गेल्यामुळे नट दिसला की मला आधी त्याची मजुरी आठवते. केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, 1890 चा. अगदी बालवयात ते 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत दाखल झाले. देवलांच्या 'शारदा' नाटकात म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे काम त्यांनी केले आणि ते गाजले. म्हणजे विकल्या जाणाऱ्या बालिकेचे दुःख रंगवणारा नटही एक राबणारा पोरच होता! तेथे जेवणखाण, तालीम, गाणे सारे मंडळीतच. शाळा मात्र नाही. आणि कंठ फुटला की पुढे काय, हा घोर प्रत्येक मुलाच्या मागे असे.

बरे, कामही सोपे नव्हते. ध्वनिवर्धक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा, तोही बाईचा लाडिकपणा सांभाळून. पदामागून पद, 'वन्समोअर'वर 'वन्समोअर', आणि रात्र सरेपर्यंत नऊवारीचा पदर ढळू द्यायचा नाही. केशवरावांचा आवाज उंच आणि धारदार होता, म्हणून ते यात टिकले. पुष्कळ जण टिकले नाहीत आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

1 जानेवारी 1908 रोजी हुबळीस त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. वय सतरा! कालचा नोकर मालक झाला. माझ्यासारख्याला याचे कौतुकही वाटते आणि थोडी चुटपुटही. कारण त्या पडद्यामागे आता त्यांच्या पगारावर दुसरी मुले उभी राहणार होती.

8 जुलै 1921 रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. ज्याने मृणालिनी गाजवली, त्याने त्या रात्री पुरुषवेष घेतला. पण पुढची वाट चालायला त्यांना सवड मिळाली नाही. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला, एकतिसाव्या वर्षी, ते वारले.

वामनरावांच्या लेखणीला मात्र असा नट पुन्हा मिळाला. 1927 च्या 'रणदुंदुभि'त दीनानाथ मंगेशकर तेजस्विनी झाले. पारतंत्र्याची चीड लेखकाने एका तरुणीच्या तोंडी घातली आणि ती गायिली एका पुरुषाने. सरकारच्या तुरुंगात जाऊन आलेल्या लेखकाला हे साधन फार सोयीचे पडले असावे.

पुढे 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि स्त्रीपार्टीची गरज ओसरत गेली. हे व्हायलाच हवे होते. स्त्रियांचा तो हक्क होता. पण आपल्या भागातील कापडगिरण्या बंद पडल्या तेव्हा साचेवाल्याला जे विचारायला कोणी आले नाही, तेच या नटांचेही झाले: लहानपणापासून फक्त पदर सावरायला शिकवलेल्या माणसाने चाळिशीत कोणते काम शोधायचे?