खानदेशची दारूबंदी आणि अवचटांची लेखणी

दारूविरुद्धची लढाई खानदेशाला नवी नाही. १९३८ च्या सुमारास तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला सांगितलं, एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं आणि त्यांच्या आरतीला हजारोंनी माणसं लोटली. सत्तरच्या दशकात शहाद्याच्या आदिवासी बाया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडू लागल्या. मडकं फुटलं की गुत्ता बंद पडायचा. पण पिणाऱ्याचं काय? त्याच्या वाट्याला मार यायचा, देवापुढची शपथ यायची, फार तर गळ्यात माळ पडायची.

अशा व्यसनी माणसाशी बोलत बसला तो एक पत्रकार. अनिल अवचट शिकले डॉक्टरकी, रमले पत्रकारितेत. ऐंशीच्या दशकात गर्द या अमली पदार्थाचं व्यसन पसरलं, तेव्हा ते गर्दुल्ल्यांमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी ऐकलेलं लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी पैसे देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यातल्या येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. नाव अवचटांचं जास्त झालं, पण केंद्र उभं केलं ते तिथल्याच मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या त्यांच्या पत्नीने, अनिता अवचट यांनी. १९९७ मध्ये त्या गेल्या. पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली. अवचट २०२२ मध्ये गेले.

व्यसन हा आजार आहे, हे तिथे सुरुवातीपासून मानलं गेलं. व्यसनातून सुटलेलेच नव्यांचे समुपदेशक झाले. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या बाईलाही आधार लागतो, हे मडकी फोडणाऱ्या बायांनी केव्हाच ओळखलं असणार.

जळगाव-धुळ्याकडे शपथेचा जोर अजून आहे. शपथेला माझी ना नाही. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, भलतंसलतं दिसू लागतं, कधी फीट येते. जीवही जाऊ शकतो. तेव्हा माळ जरूर घाला, पण आधी माणसाला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात न्या. निदान १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.