प्लिमथची तेरा वर्षं

१९३९ च्या उन्हाळ्यात ॲलन हॉजकिन यांनी अँड्र्यू हक्स्ली या तरुण सहकाऱ्याला प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत एक साधं काम दिलं. माकुळाच्या चेतातंतूत पाऱ्याचा थेंब सोडायचा आणि तो किती वेगाने खाली जातो यावरून आतला द्रव किती दाट आहे ते काढायचं. थेंब जागचा हललाच नाही. आत द्रव नव्हताच, घट्ट गर होता. प्रयोग फसला, पण तंतू उभा टांगायची सोय झाली होती. मग त्याच वाटेने काचेची बारीक नळी आत सरकवून थेट आतला विद्युतदाब मोजायचं ठरलं.

माकुळाला पाणी फेकून झटक्यात पळ काढावा लागतो. चेतातंतूवर वेगासाठी लागणारं चरबीचं वेष्टण त्याच्याकडे नाही, म्हणून निसर्गाने तंतूच जाड करून ठेवला आहे: साधारण अर्धा मिलिमीटर. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये त्याकडे लक्ष वेधलं नसतं तर ही नळी घालणार कुठे? तीही तंतूच्या भिंतीला घासली की तंतू वाया. म्हणून आरसे लावून दोन बाजूंनी पाहत ती हळूहळू खाली उतरवायची.

बर्नस्टाइन यांच्या १९०२ च्या मतानुसार चेतातंतूतून विद्युत संदेश, म्हणजे आवेग, येताच पेशीपटलाचा अटकाव क्षणभर संपतो आणि आतबाहेरच्या दाबातला फरक शून्यावर येतो. इथे मात्र दाब शून्य ओलांडून चाळीसेक मिलिव्होल्ट पलीकडे गेला. ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’मध्ये छोटं टिपण आलं, स्पष्टीकरणाशिवाय. तोवर युद्ध पेटलं होतं. हॉजकिन विमानांच्या रडारकडे गेले, हक्स्ली तोफांच्या नेमबाजीच्या गणितांकडे.

उत्तर १९४७ मध्ये हाती येऊ लागलं. हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तर आवेगाची उंचीही घटली. म्हणजे आवेगाच्या वेळी बाहेरचं सोडियम आत घुसत होतं. पण ते मोजायचं कसं? सोडियम आत आलं की दाब चढतो, दाब चढला की आणखी सोडियम आत येतं, आणि क्षणात सगळं हाताबाहेर जातं. अमेरिकेत केनेथ कोल यांनी यावर तोड काढली होती: इलेक्ट्रॉनिक मंडलाने दाब एका जागी धरून ठेवायचा आणि त्यासाठी किती प्रवाह लागतो ते पाहायचं. प्लिमथला हीच पद्धत वापरल्यावर चित्र स्पष्ट झालं. आधी सोडियम आत, लगोलग त्याची वाट बंद, आणि मागून पोटॅशियम बाहेर.

या मोजमापांवरून दोघांनी समीकरणं मांडली आणि त्यांतून आवेगाचा वेग निघतो का ते तपासायचं होतं. मला मात्र या सगळ्यात हक्स्लींची ही आकडेमोड जास्त भावते. केंब्रिजचा संगणक फेरबदलांसाठी बंद, म्हणून ब्रुन्सविगा नावाचं हाताने फिरवायचं गणनयंत्र घेऊन ते बसले. आवेगाचा वेग आधी अंदाजाने धरायचा आणि पायरीपायरीने गणित पुढे न्यायचं. अंदाज चुकला की दाबाचा आकडा भलतीकडेच सुटतो. मग नवा वेग धरून पुन्हा पहिल्यापासून. अखेर उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता २१.२. पेशीपटलाच्या एका तुकड्यावरच्या मोजमापांतून आख्ख्या तंतूतल्या धावेचा वेग इतका जवळ यावा, ही साधी गोष्ट नाही. १९५२ मध्ये पाच शोधनिबंध आले, १९६३ मध्ये नोबेल.

त्या समीकरणांत पोटॅशियमसाठी एक राशी चौथ्या घातात घेतली होती, कारण प्रवाहाचा आलेख तशीच घेतल्यावर जुळत होता. सोडियम-पोटॅशियमचे आयन ज्यांतून जातात ती प्रथिनांची दारं तेव्हा कुणी पाहिली नव्हती. १९७६ मध्ये नेहर आणि साकमान यांनी एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजला. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूच्या पोटॅशियम-दाराची रचना दाखवली, ती चार सारख्या तुकड्यांची निघाली. सोडियमचं मात्र इतकं नेटकं जुळलं नाही: समीकरणात तिसरा घात, आणि दार एकाच लांब साखळीचं, चार भागांचं.