परदेशी भेट पाठवा, पण भुर्दंड लेकराला नको

ब्रह्मपुरीचा पोरगा लंडनला, अहेरीची लेक अमेरिकेत, असे आता आपल्या भागातही घडू लागले आहे. दिवाळीला आई डबा भरते, बाप बांबूची परडी बांधून देतो, पार्सल रवाना होते. काही दिवसांनी फोन येतो, "बाबा, सोडवायला पैसे भरा लागले." घरचे म्हणतात, "आम्ही तं भेट पाठवली, मंग पैसे कायले?"

हे पैसे त्या देशाच्या सीमाशुल्काचे व कराचे. टपालखर्च वेगळा. मात्र खासगी भेटीला ठराविक किमतीपर्यंत माफी असते. ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो, कॅनडात ६० कॅनडियन डॉलर, अमेरिकेत १०० डॉलर. त्या दिवसाच्या दराने रुपये काढून मगच सामान भरावे.

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची सरसकट सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. भेटीची १०० डॉलरची माफी मात्र राहिली. आपल्या डाक विभागाने थांबवलेली पार्सलसेवा १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू केली, तेव्हा शुल्क पाठवणाऱ्याकडून इथेच आगाऊ घेण्याची सोय केली. म्हणजे तिकडे लेकीला खिशात हात घालावा लागत नाही. चालू दर पोस्टात विचारून घ्यावा.

खरी मेख सीमाशुल्काच्या फॉर्मात आहे. 'भेट' या रकान्यात खूण करा. नुसते 'सामान' लिहू नका. 'बांबूची परडी १, सुती साडी १' असे लिहून प्रत्येकाची खरी किंमत टाका. खोटी किंमत पकडली गेली तर पार्सल अडकते. ब्रिटनला एकाच खोक्यात मुलगा, सून दोघांच्या भेटी असतील तर वेगवेगळ्या गुंडाळून नावानिशी नोंदवा. माफी प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. दुकानदाराने परस्पर पाठवलेला माल मात्र तिथे भेट धरत नाहीत.

किंमत बसली तरी काही वस्तू चालतच नाहीत. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांचा एचएमटी तांदूळ आपला अभिमान. पण खपरा भुंगेऱ्याच्या धास्तीने अमेरिका घरगुती पार्सलात भारतातला तांदूळ घेत नाही. ब्रिटन, युरोपला तूप, पेढे नकोत. बी-बियाणे टाळा. मोरपीस किंवा हरणाचे शिंग तर आपलाच कायदा बाहेर जाऊ देत नाही.

ग्रामसेवक, पोस्टमास्तरांनी दिवाळीआधी एवढे चार शब्द गावात सांगितले, तर फराळासोबत लेकरांना पावती फाडावी लागणार नाही.